शुगरची चिठ्ठी डब्यात ठेवू नका

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत, नवरात्राच्या आधीच्या आठवड्यात आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. ज्या ताईंना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)

 

आज बँकेच्या कर्जाचा विषय आहे आणि निम्म्या जणी त्यासाठीच आल्यात, हे मला ठाऊक आहे. तरी अध्यक्षताईंनी मला आधी बोलायला दिलं. दशसूत्री आपण दर बैठकीत म्हणतो. त्यातली पहिली पाच सूत्रं, म्हणजे बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब, आपण पाळतोही. एखादीचा हप्ता थकला तर चौघी जणी तिच्या दारात जाऊन उभ्या राहतात. सहावं सूत्र आरोग्याचं आहे. ते आपण म्हणतो आणि लगेच सातव्यावर जातो. आज जरा सहाव्यावर थांबू.

उपकेंद्राच्या मदतीने आपल्या गावांत तिशीच्या पुढच्या सगळ्यांची बीपी आणि शुगरची तपासणी चालू आहे. बऱ्याच गावांत मी स्वतः टेबलाशी बसून नावं लिहिली. सासूला हाताला धरून आणणाऱ्या तुम्हीच होता. "अहो, बोट पुढं करा, काही दुखत नाही," असं मालकांना सांगणाऱ्याही तुम्हीच. आणि आशाताईंनी विचारलं, "तुमचं कधी करायचं?" की लगेच पदर खोचून, "माझं काय मेलीचं! मला कुठं काय होतंय? शेळ्या सोडायच्या राहिल्यात." गावाची तपासणी बायकांनी यशस्वी केली आणि यादीत बायकाच कमी.

"मला काही होत नाही" हेच या दुखण्याचं खरं लक्षण आहे बघा. शुगर वाढायला लागली की सुरुवातीची काही वर्षं बहुतेकांना काहीच होत नाही. तहान फार लागणं, रात्री चारदा लघवीला उठणं, वजन उतरणं, जखम लवकर न भरणं, अंगावरून पांढरं जाऊन सारखी खाज सुटणं, डोळ्यापुढं अंधुक दिसणं, ही सगळी उशिराची लक्षणं. जुन्या बायका म्हणायच्या, लघवीला मुंग्या लागल्या म्हणजे गोड लघवी झाली. पण लघवीतून साखर जायला लागते तोवर रक्तातली साखर बरीच वर गेलेली असते. मुंग्यांची वाट बघायची की बोटातून एक थेंब द्यायचा?

दुसरं एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता पाठ झालंय. "शुगर बसून खाणाऱ्याला होते. आम्ही उन्हात राबणारी माणसं, अंगावर मांस न्हाई." काकूंनो, हे खरं असतं तर मलाही बरं वाटलं असतं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने देशभर एक लाखाहून जास्त माणसं तपासून मोठा अभ्यास केला. तो २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात शहरात वीस वर्षांपुढच्या शंभरातल्या सोळा जणांना मधुमेह निघाला आणि खेड्यात जवळपास नऊ जणांना. म्हणजे दहा-बारा जणींच्या गटामागे साधारण एक. आणि ज्यांची साखर वर चढू लागलीय पण अजून मधुमेह म्हणता येत नाही, असे उंबरठ्यावरचे लोक मोजले तर शहर आणि खेडं सारखंच. दोन्हीकडे शंभरात पंधरा. शहराचं दुखणं म्हणून आपण ज्याच्याकडे बोट दाखवतो ते आपल्या उंबऱ्याशी येऊन उभं आहे.

आणि बारीक असण्याचं म्हणाल, तर ते कोडं आपल्या महाराष्ट्रातल्याच डॉक्टरांनी सोडवायला घेतलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांची आणि पुढे त्यांच्या मुलांची वर्षानुवर्षं तपासणी केली. आपल्यासारख्याच शेतात राबणाऱ्या, अंगाने लहान बायका. त्यांची बाळं वजनाला कमी होती, हातपाय काटकुळे, पण विलायतेतल्या गुटगुटीत बाळांशी तुलना केली तर आपल्या बाळांच्या अंगात चरबी त्या मानाने टिकून होती, मांस मात्र कमी. वरून बारीक आणि आतून चरबी. असं शरीर पुढे थोडंसंही पोट सुटलं तरी साखरेला लवकर बळी पडतं. म्हणून आशाताई फॉर्म भरताना टेप घेऊन कंबर मोजतात. तिथे फार हसाहशी होते, होऊ द्या. पण बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की त्या फॉर्मात गुण वाढतात. वय, तंबाखू-मिश्री, घरात कुणाला शुगर किंवा बीपी आहे का, हेही त्यात असतं. एकूण गुण चारच्या वर गेले तर त्या बाईला आधी तपासायचं. कमी आले तरी तिशीच्या पुढच्या प्रत्येकीची तपासणी वर्षातून एकदा व्हायलाच हवी.

आता बोटातल्या तपासणीचं सांगते, कारण इथे बारीकसारीक गोष्टींवर आकडा फिरतो.

हात साबणाने धुवायचे आणि कोरडे करायचे. एका गावात एका मावशींचा आकडा एकदम घाबरवणारा आला. त्या म्हणाल्या, "आत्ताच लाडवाचा गूळ चिरून आले." हात धुवायला लावले, दुसऱ्या बोटातून घेतलं, आकडा निम्म्यावर आला. ती साखर रक्तातली नव्हतीच, बोटावरची होती. ओल्या बोटाने उलट आकडा कमी दिसू शकतो. सुई बोटाच्या कडेला टोचायची, मधोमध नाही, मधोमध जास्त दुखतं आणि दुसऱ्या दिवशी खुरपं धरवत नाही. आणि सुई प्रत्येकीला नवी. हे कुणाच्याही लाजेखातर सोडू नका. पाकीट आपल्यासमोर फोडलं का, हे बघायचा तुमचा हक्क आहे, कारण एकीची सुई दुसरीला टोचली तर काविळीसारखे रोग पसरतात. पट्ट्यांच्या डबीवरची तारीख बघायची, डबीचं झाकण उघडं ठेवायचं नाही. ती डबी एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत राहिली असेल तर तिचा भरवसा नाही.

मग उपाशीपोटीचा प्रश्न. बोटातली पहिली तपासणी कधीही चालते, जेवून आला असाल तरी. त्यासाठी उपाशी राहून दुपारपर्यंत रांगेत चक्कर येऊन पडायची गरज नाही. पण दवाखान्यातली उपाशीपोटीची तपासणी म्हणजे रात्रीच्या जेवणानंतर किमान आठ तास पोटात पाण्याशिवाय काही नाही. आपल्याकडे इथेच गडबड होते. एक वहिनी म्हणाल्या, "मी उपाशीच हाय, आज चतुर्थी." विचारलं, सकाळपासून काय घेतलं? तर चहा आणि वाटीभर साबुदाण्याची खिचडी. उपवास आणि उपाशी हे आपल्या घरात एकच शब्द असल्यासारखे वापरले जातात, पण रक्ताला दोन्हीतला फरक चांगला कळतो. साबुदाणा, बटाटा, रताळं साखर भराभर वाढवतात. अर्धा कप चहासुद्धा चहाच. आणि पहाटे तोंडात मिश्री धरून येणाऱ्यांना वेगळं काही बोलत नाही, आपलं ठरलंय त्यावर एकदा स्वतंत्र बसायचं.

आता आकडे. हे लिहून घ्या म्हणत नाही, पण कानावर राहू द्या. बोटातला आकडा १४० किंवा त्याहून जास्त आला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवतात. १४० आला म्हणजे शुगर झाली, असं नाही! ती नुसती चाळण आहे. चाळणीत अडकलं ते सगळंच खडे नसतात. लग्नातलं जेवून आलेल्या बाईचा आकडा दीडशे येऊ शकतो आणि ती ठणठणीत असू शकते. केंद्रात शिरेतलं रक्त घेऊन उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, किंवा दोन तासांनंतरचं २०० किंवा जास्त आलं, तर मधुमेह धरतात. गरज वाटली तर डॉक्टर पुन्हा एकदा तपासून खात्री करतात. उलट १४० च्या आत आला म्हणजे जन्माची सुटका झाली, असंही नाही. पुढच्या वर्षी परत यायचं. आणि आकडा ३०० च्या वर असून उलट्या, धाप, ग्लानी असं काही असेल, तर मंगळवारची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

माझं खरं म्हणणं इथून पुढे आहे. पहिला थेंब आपण देतो. दुसरं रक्त द्यायला जात नाही. १४० च्या पुढे आकडा आलेल्या निम्म्याहून जास्त जणी दुसऱ्या तपासणीला गेलेल्याच नाहीत, हे आशाताईंच्या वहीत दिसतंय. मी त्यांच्यापैकी काहींच्या घरी गेले. एका काकूंनी बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून शेवटी तुरीच्या डाळीचा डबा काढला आणि तळातून चिठ्ठी काढून दाखवली. आकडा २३० होता. घरात कुणालाच सांगितलेलं नव्हतं. का? तर धाकटीचं बघणं चालू आहे. "आईला शुगर हाय म्हटल्यावर लोक पोरीकडं बघतेत," असं म्हणाल्या. मी त्यांना चुकीचं म्हणू शकले नाही, कारण लोक खरंच तसे बघतात. पण तेवढ्यात त्यांच्या पायाच्या अंगठ्याला फडकं बांधलेलं दिसलं. धसकट लागून जखम झालेली, वीस दिवस झाले तरी भरत नव्हती. वर हळद दाबली होती. चिठ्ठी डब्यात लपते, पाय कुठे लपवणार?

त्या काकू नंतर केंद्रात गेल्या. कशा गेल्या ते सांगते, कारण त्यात आपल्या सगळ्यांना शिकण्यासारखं आहे. त्यांच्या गटातली एक जण बरोबर गेली, एवढंच. घरी सांगितलं, "गटाचं काम आहे, बँकेत जायचंय." उपाशीपोटी रक्त, मग बरोबर नेलेली भाकरी, मग दोन तास झाडाखाली बसून परत रक्त. गोळ्या तिथेच फुकट मिळाल्या, जखमेला पट्टी झाली. दोन महिन्यांनी त्यांनी आपण होऊन घरी सांगितलं. तो त्यांचा निर्णय, त्यांच्या वेळेने.

म्हणून एका गोष्टीवर मी जरा कडक बोलणार आहे. एका गटाने बैठकीत सगळ्यांचे आकडे मोठ्याने वाचून दाखवले. हेतू वाईट नव्हता, बाकीच्यांना धाक बसावा म्हणून. त्यानंतर एक ताई चार बैठका आलीच नाही. दुसऱ्या एका गटात ठराव येऊ घातला होता की तपासणी न करणारीला दहा रुपये दंड. बायांनो, हप्ता गटाचा असतो, रक्त बाईचं असतं. तिचा आकडा तिला, आशाताईला आणि डॉक्टरला माहीत असावा, आणि ती स्वतः सांगेल त्याला. दंडाने बाई बोट पुढे करीलही एखादवेळी, पण दुसऱ्या तपासणीला ती सोबतीनेच जाते. गटाने वहीत लिहायचं तर दोनच गोष्टी लिहा, तपासणी झाली का आणि पुढे जायचं होतं तर गेली का. आकडा नको.

एक दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं लागतं, हे मी विसरलेले नाही. ग्रामसंघाकडचा जोखीम प्रवणता निधी कशासाठी आहे? दुखण्याखुपण्यालाच ना? त्यातून प्रवासाला पैसे द्यायला कुणी अडवत असेल तर मला फोन करा.

आता तीन महिन्यांच्या सरासरीची जी तपासणी आहे, एचबीएवनसी म्हणतात ती, तिच्याबद्दल. बोटातला आकडा म्हणजे आज पेटीत किती रोकड आहे. ही तपासणी म्हणजे दोन-तीन महिन्यांचं खातं उघडून बघणं. त्यामुळे आदल्या दिवशी गोड सोडून कुणाला फसवता येत नाही! ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा. पण आपल्या बायकांसाठी यात एक मेख आहे. ही तपासणी रक्तातल्या लाल द्रव्यावर चालते. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी आहे, हे सरकारी पाहणीतच आलंय. लोह कमी असेल तर हा आकडा खोटा वाढलेला दिसू शकतो, आणि सिकलसेल असेल किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर खोटा कमी. म्हणून हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईने तेवढं डॉक्टरांना सांगायचंच. बाजारच्या दिवशी तंबू टाकून "ऐंशी तपासण्या एका पाकिटात" विकणारे हे विचारत नाहीत. त्यांच्या कागदावर लाल अक्षरं फार असतात आणि शेवटी पावडरीचा डबा असतो, शुगर मुळापासून घालवणारा. तो घेऊन चालू गोळ्या बंद करू नका, हात जोडून सांगते.

घरात सून किंवा लेक गरोदर असेल तर तिचं वेगळं. तिला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. जेवली असली तरी चालतं. १४० किंवा जास्त आलं तर गरोदरपणातली शुगर. पहिल्या भेटीत एकदा करायची आणि तेव्हा बरोबर आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. आपल्याकडे पोरगी सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते, त्यात ही दुसरी तपासणी दोन्ही घरांच्या मधे राहून जाते. सासरचे म्हणतात तिकडे करतील, माहेरचे म्हणतात तिकडे झाली असेल. ओटी भरून पाठवताना कार्ड बघून पाठवा. आणि शुगर निघाली असेल तर बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी परत रक्त द्यायचं. बाळ झालं, शुगर गेली, असं समजून सगळ्या सोडून देतात. पण अशा बायकांना पुढे मधुमेह व्हायची शक्यता बरीच जास्त असते.

आता ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी, आणि घाई त्यांचीच आहे. दसरा झाला की टोळ्या जुळायला लागतात. दिवाळीनंतर निम्मं गाव कोपीवर. हिवाळ्यात इथे कितीही शिबिरं घेतली तरी ज्यांना सगळ्यात गरज आहे त्या सापडत नाहीत. उचल घेतली, मुकादमाला शब्द दिला, मग रक्ताला कुणी थांबत नाही. तेव्हा जायच्या आधी तपासून घ्या. गोळ्या चालू असतील तर जास्तीत जास्त दिवसांच्या मागून घ्या आणि केसपेपर, चिठ्ठ्या प्लास्टिकच्या पिशवीत बरोबर ठेवा. कारखान्याच्या भागात जे सरकारी केंद्र असेल तिथे ते दाखवून पुढच्या गोळ्या मागता येतात. काही गोळ्यांनी आणि इन्सुलिनने साखर एकदम खाली येते, त्यात पहाटे तीनला उठून न खाता फडात गेलं की धोका. घाम सुटला, हात थरथरले, डोळ्यापुढं काजवे चमकले, तर लगेच साखर किंवा गूळ तोंडात टाकायचा आणि मग भाकरी खायची. पदराच्या गाठीला खडा बांधून ठेवा. बाई बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काही घालायचं नाही, दवाखान्यात न्यायचं. पायात बूट घाला. रात्री निजताना तळपाय हाताने चाचपून बघा, कारण शुगरमध्ये काटा रुतलेला कळत नाही. नवरात्राचे नऊ दिवस धरणाऱ्यांनीही गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. देवी रागवत नाही.

उंबरठ्यावरच्या बायकांना गोळीच लागेल असं नाही. चेन्नईच्या डॉक्टरांनी अशाच उंबरठ्यावरच्या लोकांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. खाणं आणि चालणं सुधारलेल्यांमध्ये अडीच वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण चौथ्या हिश्श्याहून जास्त घटलं. आपल्या हातात सगळ्यात सोपं काय असेल, तर चहातली साखर. दिवसाचे पाच चहा, प्रत्येकी दोन चमचे. हिशेब तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला येतो.

ज्यांचा आकडा १४० च्या पुढे आलाय त्यांच्यासाठी येत्या मंगळवारी प्राथमिक आरोग्य केंद्रात सोय केली आहे. नावं सभेत सांगू नका, आपापल्या आशाताईंना सांगा. प्रत्येकीबरोबर गटातली एक जण येईल, ती कोण हे तुम्हीच ठरवा. जीप सकाळी साडेसहाला मारुतीच्या देवळापासून निघेल. चहा घ्यायचा नाही, पाणी चालेल. भाकरीचा डबा बरोबर घ्या, पहिलं रक्त दिल्यावर खायचा आहे. नंतर दोन तास तिथेच थांबायचं आहे, तेव्हा वाती वळायला कापूस आणलात तरी चालेल.